एलपीजी द्रव होतो, मग सीएनजी का नाही?

प्रश्न दोन आहेत: गॅसची टाकी हलवली की आत पाणी डुचमळल्यासारखं वाटतं, मग शेगडीला वायू कसा येतो? आणि दाबाने द्रव होतो म्हणता, तर गाडीत २०० बारने, म्हणजे वातावरणाच्या साधारण २०० पट दाबाने, भरलेला सीएनजी वायूच का राहतो?

आधी टाकी. तिच्यातल्या एलपीजीत प्रोपेन आणि ब्युटेन असतात. उघड्यावर प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन शून्याच्या जरा खाली. आपल्या हवेत दोन्ही वायूच. पण २० अंशांना प्रोपेनवर वातावरणाच्या सव्वाआठ पट आणि ब्युटेनवर साधारण दुप्पट दाब आला की त्यांचा द्रव होतो. बंद टाकीत हा दाब द्रवाचीच वाफ धरून ठेवते. शेगडी पेटवली की वरची वाफ निघते, दाब किंचित उतरतो आणि खालचा द्रव उकळून तूट भरून काढतो. म्हणजे आत द्रव आहे तोवर दाब मुख्यतः तापमानावर ठरतो, किती माल उरलाय यावर नाही. (प्रोपेन आधी उडतो, म्हणून शेवटी थोडा फरक पडतो.) म्हणूनच गेज लावून उरलेला गॅस कळत नाही. टाकी काट्यावर ठेवा आणि तिच्यावर लिहिलेलं रिकामं वजन वजा करा.

उकळायला लागणारी उष्णता पत्र्यातून येते. मंगल कार्यालयात मोठ्या भट्टीला जोडलेली १९ किलोची टाकी बघा: खाली आधी घाम, मग पांढरा बर्फ, आणि बर्फाची वरची कड साधारण आतल्या द्रवाच्या पातळीला. तेव्हा आचारी टाकी पाण्याच्या टबात उभी करतात. उकळतं पाणी मात्र कधीच नको. तापमानाबरोबर दाबही चढतो.

आता सीएनजी, म्हणजे मुख्यतः मिथेन. प्रत्येक पदार्थाला एक क्रांतिक तापमान असतं. त्याच्या वर वायू कितीही दाबा, तो दाट होत जातो, पण द्रव वेगळा होऊन तळाशी बसत नाही. थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये कार्बन डायऑक्साइडवर हे दाखवलं. त्याचं क्रांतिक तापमान ३१ अंश. प्रोपेनचं जवळपास ९७, त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यातही तो टाकीत द्रव असतो. मिथेनचं उणे ८२ च्याही खाली. पंपावर दाब आणखी वाढवून काही होणार नाही, त्याला आधी गार करावं लागतं. दाभोळला जहाजाने येणारा एलएनजी, म्हणजे द्रव केलेला नैसर्गिक वायू, तसाच असतो: उणे १६२ अंशांच्या आसपास, आणि दाब जवळपास वातावरणाइतकाच.