साडेसहाची स्कूटर

प्रश्न : वय ६१. यांना जाऊन चार महिने झाले. अर्धांगाने तीन वर्षं अंथरुणावर होते. दिवसकार्यात मला रडू आलं नाही. परवा मंडईत अळूची जुडी बघून मात्र भर रस्त्यात रडले. रोज साडेसहाला फाटकाशी यांची स्कूटर थांबल्याचा आवाज येतो. स्कूटर तर कधीच विकली! छाती भरून येते, घास उतरत नाही, गॅस चालू राहतो. आणि ते गेले तेव्हा आधी 'सुटले' असंच वाटलं, त्याची लाज वाटते. सून म्हणते डॉक्टरांना दाखवा, जाऊबाई म्हणतात शांत करून घ्या. मला वेड लागतंय का?
– एक वाचक, वाई

उत्तर : ताई, वेडबिड काही नाही. पण सुनेचं आधी ऐका आणि उद्याच ईसीजी काढा. दुःखाने छाती भरून येते हे खरंच, पण एकसष्टीला ते घरबसल्या ठरवायचं नसतं.

आता स्कूटर. १९७१ साली वेल्समधल्या ड्यूई रीस या डॉक्टरांनी २९३ विधवा-विधुरांना विचारलं, तर जवळपास निम्म्यांना गेलेलं माणूस जवळ असल्याचं भासत होतं. काहींना दिसायचं, काहींना ऐकू यायचं. बहुतेकांनी हे आधी कुणाला सांगितलंच नव्हतं. माझी आई गेल्यावर मी, तीस वर्षं दवाखाना चालवलेली बाई, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला वर्षभर हाक मारायचे, "आई, बंद कर गं."

तेरा दिवस तुम्ही आल्यागेल्याचा चहा बघत होतात, रडणार कधी? ते अळूच्या जुडीपाशी आलं. आणि तीन वर्षं रात्री-अपरात्री उठून माणसाची कूस बदलणारीला सुटल्यासारखं वाटणारच. तेही सुटले, तुम्हीही. यावर घरात कुणी बोललं तर हे पान दाखवा.

शांतीने बरं वाटणार असेल तर करा. त्यापायी ईसीजी मात्र लांबवू नका.

आणखी दोन-तीन महिन्यांनीही रोज असंच अंगावर येत असेल, उठणं-जेवणं जमत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. यजमानांच्या मागे जावंसं वाटलं तर थांबूच नका : टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करत जा. आणि साडेसहाचा चहा सुनेला टाकायला सांगा, दोघी फाटकाशी बसून प्या.