‘माझ्या रक्ताचं पाणी झालंय का?’

काका गवंडीकामातले. समोर बसताच त्यांनी शर्टाची बाही वर सारली. कोपराच्या खाली रुपयाएवढे तीन काळेनिळे डाग. “मॅडम, नुसती भाजीची पिशवी अडकवली होती हाताला. रक्ताचं पार पाणी झालंय!” काकूंनी न बोलता क्लोपिडोग्रेलचं, म्हणजे ‘रक्त पातळ करायच्या’ गोळीचं, पाकीट टेबलावर ठेवलं. चार गोळ्या उरायला हव्या होत्या, होत्या नऊ. अँजिओप्लास्टी करून हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवल्याला दोन महिने झालेले, आणि पाच दिवसांपासून काकांनी गोळी परस्पर बंद केलेली.

समजावणं नंतर. आधी हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला. त्यांनी लगेच ईसीजी काढून गोळी त्याच दिवशी सुरू केली. मग आम्ही निवांत बोललो.

‘रक्त पातळ करायची गोळी’ हा शब्दच घात करतो, असं मला कायम वाटतं. रक्त पातळ होत नाही. प्लेटलेट, म्हणजे रक्तातल्या गुठळी बांधणाऱ्या बारीक पेशी, एकमेकींना चिकटायच्या कमी होतात, एवढंच. निरोगी रक्तवाहिनीत हे काम आतलं अस्तर स्वतःच करतं. जेमतेम एका पेशीच्या जाडीचं ते, पण दिवसरात्र नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडत प्लेटलेटना लांब ठेवतं. गुठळी विरघळवायला लागणारं द्रव्यही तिथूनच येतं. कापलं की अस्तर फाटतं, खालचं कोलॅजन उघडं पडतं, प्लेटलेट तिथे चिकटतात आणि रक्त थांबतं.

“काका, स्टेंटची जाळी धातूची. तिच्यावर तुमचं अस्तर अजून पुरतं चढलेलं नाही. जाळीवरच्या औषधामुळे त्याला वेळही जास्त लागतो. तोवर प्लेटलेटना अडवायला गोळ्याच आहेत. स्लॅब टाकल्यावर सेंटरिंग कधी काढता?”

“21 दिवस तरी हात लावत नाही.” ते स्वतःशीच हसले. “म्हणजे मी टेकू काढला होता.”

डागांची भीती खोटी नव्हती, तेही सांगितलं. असे डाग या गोळ्यांनी पडतात. ते डॉक्टरांना दाखवायचे. पण शौच काळी झाली, लघवीत रक्त दिसलं किंवा नाकातलं रक्त थांबेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. गोळी मात्र आपल्या मनाने सोडायची नाही.

उठता उठता काकू म्हणाल्या, “पुढच्या आठवड्यात यांची दाढ काढायचीय.”

मी दोघांना पुन्हा बसवलं. दातांच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठीवर स्टेंटची तारीख लिहिली, चालू गोळ्यांची नावं लिहिली आणि खाली हृदयरोगतज्ज्ञांचा फोन नंबर.