न्यू जर्सीत पेट्रोल भरायला गाडीतून उतरू नका

प्रश्न : टेक्सासहून नुकतेच एडिसनला आलो आहोत. जूनमध्ये सासू-सासरे येताहेत. इथल्या कुठल्या रीती आधीच माहीत हव्यात?

उत्तर : पंपावर गाडीत बसूनच राहा. १९४९च्या कायद्याने इथे ग्राहकाला स्वतः पेट्रोल भरता येत नाही. राज्यभर अशी सरसकट बंदी आता फक्त न्यू जर्सीत उरली आहे. काच खाली करून कार्ड द्यायचं, 'फिल इट, रेग्युलर' म्हणायचं. टिपची पद्धत नाही.

खरी परीक्षा 'जगहँडल'ची. रूट १वर डावीकडे वळायचं तर बऱ्याच चौकांत उजवी लेन धरावी लागते. उजवीकडून निघालेला फाटा तुम्हाला आडव्या रस्त्यावर आणून सोडतो आणि तिथून सिग्नलला हायवे ओलांडायचा. कुठे फाटा चौकाच्या अलीकडे असतो, कुठे पलीकडे. पलीकडचा असेल तर आधी चौक पार करून मग गोल फिरून यायचं. जीपीएसचं 'लेफ्ट' ऐकून लोक डाव्या लेनमध्ये जातात आणि ऐनवेळी तीन लेन कापतात, घात तिथेच होतो. 'ऑल टर्न्स फ्रॉम राइट लेन' ही पाटी बघत चला. फाटा चुकलाच तर सरळ जाऊन पुढच्या जगहँडलने मागे फिरा.

रविवारी सासूबाईंना खरेदीसाठी पॅरॅमसला नेऊ नका. ते बर्गन काउंटीत येतं आणि तिथे रविवारी कपडे, फर्निचर, इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं कायद्याने बंद असतात. किराणा, औषधं, हॉटेलं चालू. एडिसन मिडलसेक्स काउंटीत आहे, तिथे ही भानगड नाही.

समुद्रावर जायचं तर बऱ्याच गावांत उन्हाळ्यात 'बीच बॅज', म्हणजे किनाऱ्यावर जायचा पास, विकत घ्यावा लागतो. गावाच्या किनाऱ्यावर १२ वर्षांखालच्या मुलांना तो लागत नाही. अटलांटिक सिटी आणि वाइल्डवुडचे किनारे फुकट आहेत. अटलांटिक सिटीला गेलातच तर शेजारच्या मार्गेटमधली ल्यूसी दाखवा : १८८१ साली जमीन विकण्याच्या जाहिरातीसाठी उभारलेली, लाकडाची नि पत्र्याची सहा मजली हत्तीण. पोटात जिना आहे, त्यामुळे सासऱ्यांचे गुडघे आधी विचारात घ्या.

घरात शाकाहारी असतील तर डायनरमध्ये जपून. 'टेलर हॅम' किंवा 'पोर्क रोल' म्हणजे डुकराचं मांस. राज्याच्या उत्तरेत एक नाव, दक्षिणेत दुसरं, आणि त्यावरून इथले लोक हिरिरीने भांडतात. आपण त्यात न पडलेलं बरं. 'एग अँड चीज' मागवलं तरी तवा बहुतेकदा तोच असतो. फसवतात त्या 'डिस्को फ्राइज' : दिसायला बटाटा आणि चीज, पण वरची ग्रेव्ही सहसा मांसाच्या रसाची. ती वगळायला सांगा.

मुक्काम सहा महिन्यांचा असेल तर ३० ऑक्टोबरची 'मिस्चिफ नाइट'ही त्यांच्या वाट्याला येईल. पोरं झाडांवर टॉयलेट पेपर फेकतात, गाड्यांवर अंडी. घाबरायचं कारण नाही, गाडी गॅरेजमध्ये ठेवा. अंडं पडलंच तर वाळायच्या आत भरपूर थंड पाण्याने धुवा. कडकडीत पाण्याने ते शिजून चिकटतं आणि खरवडताना रंग जातो.