कॅप्सूल मागवल्या म्हणून तुम्ही गुन्हेगार ठरत नाही

प्रश्न : माझे वय ५४. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी करतो. बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आणि रक्तदाब आहे. लैंगिक दुर्बलतेचा त्रास सुरू झाला, पण लाजेपोटी डॉक्टरांकडे गेलो नाही. मोबाइलवर ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ अशी जाहिरात दिसली, तिथे नंबर टाकला. लगेच फोन आला. डॉक्टर म्हणवणाऱ्या माणसाने खोदून खोदून विचारले, मीही सगळे सांगितले. २,९९० रुपये देऊन पार्सल सोडवले. दोनदा कॅप्सूल घेतली. गुण आला, पण तासाभरात डोके ठणकू लागले, चेहरा लाल झाला, उठताना चक्कर आली, म्हणून बंद केली. मग १८,५०० रुपयांचा ‘पूर्ण कोर्स’ घ्या असा तगादा सुरू झाला. नको म्हटल्यावर व्हॉट्सॲपवर वकिलाची नोटीस आली. पाठोपाठ ‘नार्कोटिक्समधून बोलतोय’ असा फोन. तुमच्या बोलण्याचे रेकॉर्डिंग बायकोला, मेहुण्याला आणि संस्थेच्या चेअरमनना पाठवू, अशी धमकी दिली. घाबरून परवा २५,००० रुपये पाठवले. आता आणखी ६०,००० मागतात. मला अटक होईल का? तक्रार केली तर नाव बाहेर येईल का? घरी सांगावे लागेल का?

उत्तर : अटक होणार नाही. तुम्ही कुठलाही गुन्हा केलेला नाही. गुन्हा तुमच्याविरुद्ध झाला आहे आणि तो अजून चालू आहे. म्हणून बाकीचे उत्तर वाचण्याआधी १९३० या क्रमांकावर फोन लावा. सायबर आर्थिक फसवणुकीसाठीची ही सरकारी मदतवाहिनी आहे. २५,००० रुपये कोणत्या खात्यातून, कधी, कोणत्या यूपीआयवर गेले आणि व्यवहाराचा क्रमांक काय, एवढे हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यांत वळवले जाण्याआधी गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते आणि तुमचे दोन दिवस आधीच गेले आहेत. यापुढे त्यांना एक रुपयाही देऊ नका. पहिल्यांदा पैसे दिल्यावर मागणी थांबली नाही, उलट दुपटीहून वाढली, हे तुम्हीच अनुभवले आहे.

आता ‘नार्कोटिक्स’चे पाहू. पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवर जी औषधे दिली जातात, म्हणजे सिल्डेनाफिल, टाडालाफिल वगैरे, ती अमली पदार्थ नाहीत. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही. सिल्डेनाफिल हे औषध नियमांच्या शेड्यूल एच मधले औषध आहे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय केमिस्टने ते विकायचे नसते. हे बंधन विकणाऱ्यावर आहे. चिठ्ठीशिवाय दिले तर परवाना अडचणीत येतो तो दुकानदाराचा. स्वतःच्या वापरासाठी चार गोळ्या घेणाऱ्या रुग्णाला १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आरोपी करत नाही. आणि तुम्ही तर आयुर्वेदिक म्हणून मागवले होते.

ते खरोखर आयुर्वेदिक होते का, हा मात्र गंभीर प्रश्न आहे. तासाभरात येणारा गुण, ठणकणारे डोके, लाल चेहरा, चक्कर, ही सगळी लक्षणे सिल्डेनाफिल घेतल्यावर दिसतात. जडीबुटीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या ‘पॉवर’ कॅप्सूलमध्ये हे औषध गुपचूप मिसळल्याचे अनेक देशांत उघडकीला आले आहे. अमेरिकेचे औषध प्रशासन अशा उत्पादनांची नावे वेळोवेळी जाहीर करते. तुमच्या डबीत काय आहे ते प्रयोगशाळाच सांगेल, पण तोवर उरलेल्या कॅप्सूलला हात लावू नका. मी वकील आहे, डॉक्टर नाही. तरी एक गोष्ट औषधाच्या माहितीपत्रकावरच छापलेली असते आणि ती मी दडवून ठेवणार नाही : छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेट गटातले दुसरे कुठलेही औषध घेणाऱ्याने सिल्डेनाफिल घेतले तर रक्तदाब एकदम कोसळून जीवावर बेतू शकते. फोनवरच्या त्या माणसाने तुम्हाला हृदयाच्या गोळ्यांबद्दल एकदा तरी विचारले का? तुमच्या पत्रात तसे काही दिसत नाही.

तुम्ही पाठवलेला नोटिशीचा फोटो मी मोठा करून नीट पाहिला. वर अशोकस्तंभाचे राजचिन्ह, खाली एका वकिलाचे नाव, शेजारी ‘दिल्ली उच्च न्यायालय’ असा गोल शिक्का. वकिलाला आपल्या नोटिशीवर राजचिन्ह छापता येत नाही, त्याच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. वकिलाची नोटीस हे त्याच्या अशिलाचे पत्र असते, त्यावर न्यायालयाचा शिक्का उठत नाही. सनद क्रमांक नाही, कार्यालयाचा पूर्ण पत्ता नाही. ‘भारतीय दंड संहिता कलम ४२० खाली गुन्हा दाखल’ असे लिहिले आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यानंतरच्या घटनेवर दंड संहितेचे कलम लागतच नाही, आणि फसवणुकीचे नवे कलम ३१८ आहे. सर्वांत शेवटी ‘सेटलमेंट’ची रक्कम भरण्यासाठी यूपीआय दिला आहे, तोही कुणा खासगी माणसाच्या नावाचा. कुठलेही न्यायालय खटला मिटवण्याचे पैसे असे घेत नाही.

पोलिसांना खरोखर चौकशीला बोलवायचे असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीस देतात, आणि ती व्हॉट्सॲपवरून बजावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. शिवाय घेण्याचे कबूलच न केलेला कोर्स नाकारला म्हणून कसली फसवणूक होते? काहीच नाही.

आता तक्रार. बदनामीची किंवा खोट्या खटल्याची भीती घालून पैसे काढणे ही खंडणी आहे, न्याय संहितेचे कलम ३०८. सरकारी अधिकारी असल्याचे सोंग घेणे हा कलम २०४ खालचा वेगळा गुन्हा. मोबाइल किंवा इंटरनेट वापरून तोतयेगिरीने फसवले, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ड आहेच. फोन करणारा दिल्लीत असो की आणखी कुठे, तुमच्या तालुक्याच्या पोलीस ठाण्याला ‘आमची हद्द नाही’ म्हणता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता नोंदवावी लागते. ऑनलाइन कळवली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. नोंदवायला नकार दिला तर तोच मजकूर टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.

नाव बाहेर येण्याची तुमची भीती मी उडवून लावणार नाही, कारण ती निराधार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार एफआयआर साधारणपणे २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर चढवला जातो. पण संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळता येतात आणि तो निर्णय किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. म्हणून तक्रारीसोबत एक वेगळा अर्ज द्या, की यात माझ्या आरोग्याची खासगी माहिती आहे, तरी एफआयआर संकेतस्थळावर टाकू नये. अर्ज मंजूर होईलच असे नाही, म्हणून तक्रारीचा मजकूरही सांभाळून लिहा. मी असा लिहीन : ‘आयुर्वेदिक म्हणून जाहिरात केलेले औषध ऑनलाइन मागवले. त्यानंतर वैद्यकीय सल्ल्याच्या बहाण्याने घेतलेली माझी खासगी माहिती उघड करण्याची धमकी देऊन अमुक तारखेला २५,००० रुपये उकळले व आणखी ६०,००० रुपयांची मागणी सुरू आहे.’ यातला शब्दन्‌शब्द खरा आहे आणि खंडणीचा गुन्हा नोंदवायला एवढे पुरते. आजार कोणता ते पहिल्या ओळीत लिहिण्याची गरज नाही. तपासी अधिकाऱ्याने पुढे विचारले तर मात्र खरे सांगा, काही लपवू नका. शक्य असेल तर एखाद्या वकिलाला सोबत न्या, ठाण्यात मोठ्याने वाच्यता होण्याला आळा बसतो.

चॅट डिलीट करू नका. लाज वाटते म्हणून लोक आधी तेच करतात आणि मग हातात काही उरत नाही. स्क्रीनशॉट घ्या, त्यांचे सगळे नंबर लिहून ठेवा, मग ब्लॉक करा.

पैशांबद्दल खोटी आशा दाखवत नाही. तुम्ही स्वतः पाठवलेली रक्कम असल्यामुळे बँक ती भरून देण्यास बांधील नाही. १९३० मुळे जेवढी गोठेल तेवढी न्यायालयाच्या आदेशाने परत मिळू शकते.

विक्रेत्याला मात्र सोडू नका. लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने थेट मना केलेली आहे, मग औषध आयुर्वेदिक असो वा ॲलोपॅथिक. तुम्ही पाहिलेली जाहिरात हाच पहिला पुरावा. दुसरा पुरावा डबी. आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटकद्रव्ये छापावी लागतात. तुमच्या डबीवर फक्त घोड्याचे चित्र, ‘मेड इन इंडिया’ आणि किंमत आहे, असे तुम्ही लिहिता. तेवढ्यावरही अन्न व औषध प्रशासनाच्या साताऱ्यातल्या कार्यालयात लेखी तक्रार होते. तपासणीत सिल्डेनाफिल सापडले तर बनवणारे आणि विकणारे दोघेही गोत्यात येतील. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे : तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा, दोन वर्षांची मुदत, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. पण पलीकडे खरे नाव-पत्ता सापडला तरच त्याचा उपयोग, म्हणून आधी पोलीस.

घरी सांगण्याची सक्ती कायदा करत नाही. तरीही माझे मत विचाराल तर आज रात्रीच वहिनींना सांगा. धमकावणाऱ्यांच्या हातात तुमच्याविरुद्ध एकच हत्यार आहे, ते रेकॉर्डिंग. वहिनींना तुमच्याच तोंडून कळले की त्याची धार निम्म्याहून अधिक जाते. ‘सासरचे लोक घटस्फोट घ्यायला लावतील’ ही त्यांची धमकीही पोकळ आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ मध्ये नपुंसकतेचा मुद्दा येतो तो मुळात शरीरसंबंधच न झालेल्या विवाहासाठी. दोन मुलांचे वडील असलेल्या, मधुमेहामुळे त्रास सुरू झालेल्या माणसाला तो लागू नाही. चेअरमनना अगोदर सांगायची गरज नाही. त्यांच्याकडे काही पोहोचलेच तर एफआयआरची प्रत पुढे करा, ती तुम्हाला विनामूल्य मिळते. औषध घेतले म्हणून कुणाला नोकरीवरून काढता येत नाही.

आणि साताऱ्याला जाल त्याच फेरीत तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांनाही भेटा. मधुमेहात हा त्रास अगदी सर्रास आढळतो, त्यांना यात नवल वाटणार नाही. कधी कधी हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराची ती आगाऊ सूचना असते, म्हणून तपासणी टाळू नका. हृदय, रक्तदाब आणि चालू गोळ्या पाहून त्यांना योग्य वाटले तर ते चिठ्ठी देतील. ते औषध परवानाधारक दुकानातून, बिल घेऊन, उजळ माथ्याने घेता येते. डॉक्टरांना डबीचा फोटो दाखवा. डबी आणि उरलेल्या कॅप्सूल मात्र फेकू नका, कुणाकडे देऊही नका, त्या औषध निरीक्षकाला लागणार आहेत.