मकाना, कसावा आणि बाओरुकोचे डोंगर

कॅरिबियनमधल्या हिस्पानिओला बेटाचे (आजचे हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक) मूळ रहिवासी ताइनो लोक नुसत्या लाकडी हत्यारांनी स्पॅनिश तलवारींशी कसे लढले?

त्यांची मकाना म्हणजे ताडाच्या टणक लाकडाचा सोटा, सगळीकडे दोन बोटं जाड. धार नाही, पण नेमकी बसली तर शिरस्त्राणासकट कवटी फुटते, असं त्या काळच्या लास कासास या पाद्र्याने लिहून ठेवलंय. बाणाचं टोक विस्तवावर कडक करत, नाहीतर माशाचं हाड बसवत. खोट हत्यारात नव्हती, अंतरात होती. मकाना चालवायला शत्रू हाताच्या टप्प्यात यावा लागतो आणि घोडेस्वाराचा भाला तिथवर पोचूच देत नाही.

मग १४९५ साली वेगा रेआलला, म्हणजे त्याच बेटावरच्या सपाट खोऱ्यात, संख्येने कितीतरी जास्त असून ते का हरले?

जागा चुकली. कोलंबसाकडे सुमारे २०० पायदळ, २० घोडे आणि २० शिकारी कुत्रे होते. सपाट मोकळ्या मैदानात दाटीने उभे असलेले लोक घोड्यांच्या तावडीत आयतेच सापडले.

शत्रूला उपाशी मारायला त्यांनी स्वतःचीच शेती सोडली, हे खरं का?

खरं आहे, आणि माझ्या मते त्यांचा सगळ्यात धाडसी डाव हाच. हिस्पानिओला बेटाचं मुख्य अन्न कसावा. आपला साबुदाणा होतो तोच कंद. मातीचे उंचवटे करून त्यात कांड्या लावायच्या, कंद पोसायला वर्षभर थांबायचं. कडू कसावा तसाच खाल्ला तर विषबाधा होते. म्हणून तो किसायचा, विणलेल्या लांब नळीत भरून ताणायचा, रस निथळला की उरलेल्या चोथ्याची मातीच्या तव्यावर भाकरी भाजायची. स्पॅनिश लोक याच भाकरीवर जगत होते. ताइनोंनी लागवड थांबवली आणि ते डोंगरात गेले. वसाहतीत उपासमार झालीच. पण स्पॅनिशांना जहाजांतून रसद मिळत होती. डोंगरात मात्र शिकारीला मोठं जनावर नाही, आणि पाठलाग चालू असताना नवी कांडी लावणार कधी? एक हंगाम हुकला की पुढच्या वर्षाची भाकरीही गेली. भूक आणि रोगराईने जास्त माणसं ताइनोंचीच गेली.

गनिमी काव्याने कोणी टिकलं का?

एन्रिकियो हा ताइनो सरदार, १५१९ ते १५३३. फ्रान्सिस्कन मठात शिकलेला असल्याने स्पॅनिशांची भाषा आणि रीत त्याला पक्की ठाऊक होती. त्याच बेटावरच्या बाओरुकोच्या डोंगरात त्याने शेतं एका जागी न ठेवता विखुरली, बायकामुलं लढणाऱ्यांपासून वेगळी लपवली आणि आरवण्याने ठावठिकाणा कळू नये म्हणून कोंबड्यांच्या जिभा कापायला लावल्या. मैदानात उतरला नाही. जिंकलेल्या तलवारी त्याची माणसं वापरत. शेवटी स्पेनच्या राजानेच तहाचं पत्र धाडलं, आणि त्याची माणसं वेठीतून सुटली.