आजीचं पाणी आणि आजीची काठी

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. तू विचारलंस, "पप्पा, आजी सकाळी उठून पक्ष्यांसाठी पाणी ठेवते आणि दहा वाजले की त्याच पक्ष्यांना काठी घेऊन हाकलते. मग ती त्यांच्या बाजूची आहे की नाही?" प्रश्न असा आहे की फोनवर 'अगं असंच असतं' म्हणून उडवून लावणं मला जमेना. म्हणून हे पत्र. आई वाचून दाखवेल. मध्ये तिलाच काही अडलं तर आजीला विचारा, कारण आई पुण्याची, तिला बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, हे लग्नानंतर कळलं.

आधी पाण्याचं सांगतो. चोपड्याकडे एप्रिल-मेमध्ये ४३-४४ अंश ही काही बातमी नव्हे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मधल्या तापीच्या सखल खोऱ्यात आपण. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे सरकला की मग कुठे पेपरात तोंडाला रुमाल बांधलेल्या लोकांचे फोटो येतात. आपल्याला घाम तरी येतो. पक्ष्यांच्या अंगात घामाच्या ग्रंथीच नसतात. दुपारी निंबाखाली बसलेली साळुंकी बघ, तिची चोच मिटलेली दिसणार नाही. ती धापा टाकत असते. त्या धापांबरोबर अंगातल्या पाण्याची वाफ बाहेर जाते आणि अंग थोडं निवतं. म्हणजे गार राहायचं तर जवळचं पाणी खर्चायचं, आणि खर्चलेलं भरून काढायला पुन्हा पाणी शोधायचं. नाले कोरडे, विहिरी खोल, टाक्यांना झाकणं. मग त्यांनी जायचं कुठे?

इथे आपल्या शेजारचे आजोबा थंडीत दाण्यांचे आणि चरबीचे गोळे जाळीत घालून झाडाला टांगतात, आठवतं? नेदरलँडमधल्या पक्ष्यांना हिवाळ्यात खायला मिळत नाही, म्हणून इथली माणसं खाऊ टांगतात. खान्देशातल्या पक्ष्यांना उन्हाळ्यात प्यायला मिळत नाही, म्हणून तिथली माणसं पाणी ठेवतात. ज्या दिवसांत ज्याचं अडतं ते द्यायचं. माणसांसाठीसुद्धा तेच चालतं. बसस्टँडवरून येताना रस्त्याकडेला लाल फडकं गुंडाळलेले रांजण दिसले असतील, ती पाणपोई. तिथे पाणी पिणाऱ्याला नाव-गाव कोणी विचारत नाही आणि पैसेही मागत नाही.

आता आजीचं ते भांडं जवळ जाऊन बघ. विकत आणलेलं नाही. मागच्या वर्षी तडकलेल्या माठाचं ते बूड आहे. मातीतून पाणी झिरपतं, त्यामुळे ते जरा गार राहतं. स्टीलच्या ताटलीतलं दुपारी हात भाजेल इतकं तापतं. मध्ये जो दगड ठेवलाय तो शोभेचा नाही. त्याच्या ओल्या कडेवर मधमाशा बसतात. पाणी खोल असलं तर त्या बुडून मरतात. प्यायलेलं पाणी त्या पोळ्यावर नेऊन पसरतात आणि पंखांनी वारा घालत बसतात. घरातल्या कूलरसारखंच काम आहे ते, फक्त लाईट गेली तरी बंद पडत नाही. आणि आजी रोज सकाळी ते भांडं पालथं करून नारळाच्या शेंडीनं घासते, त्याशिवाय नवीन पाणी ओतत नाही. नाहीतर पक्ष्यांच्या आधी डासांची सोय व्हायची.

एक गंमत बघायची असेल तर सकाळी सात-साडेसातला ओट्यावर गप्प बस. चिमणी चोचीत घोट घेते, मान वर करते, गिळते, पुन्हा वाकते. बुलबुलचंही तसंच. पण होला आला की त्याच्या मानेकडे लक्ष ठेव. होला म्हणजे तो तपकिरी-गुलाबी, कबुतरापेक्षा लहान. तो चोच पाण्यात बुडवतो आणि मान वर न करता सरळ ओढून पितो. कबुतरांच्या जातीला हे जमतं, चिमणीला जमत नाही. पोटभर झालं की उडून जातो. त्याचं घरटंही जवळच असेल. भिंतीला ठिबकच्या नळ्यांचं जुनं वेटोळं टांगलंय ना, त्यावर बघ. चार काड्या आडव्या, चार उभ्या, खालून आभाळ दिसतं. त्यात दोन पांढरी अंडी. मला तर ते नेहमी आळशीपणाचं काम वाटत आलंय, पण पिल्लं मोठी होतात खरी. हात लावू नकोस आणि फोटोसाठी वेटोळं हलवू नकोस.

आता काठी.

बाजेवर पसरलंय ते वाळवण आहे, आणि वाळवण वर्षाचं असतं. कुरडईचे गहू तीन दिवस भिजत घालावे लागतात, रोज पाणी बदलायचं. मग वाटायचे, पिळून त्याचं दूध काढायचं, ते रात्रभर निवळू द्यायचं, वरचं पाणी ओतून टाकायचं. पहाटे अंधारात चूल पेटवून ते शिजवायचं, एकीनं ओतायचं आणि दुसरीनं दोन्ही हातांनी ढवळायचं, गाठ झाली की सगळं वाया. तो गरम चीक तू तूप-साखर घालून खाल्लास आणि अजून मागितलास, असं आईनं सांगितलं. शाबास! त्यासाठीच आम्ही लहानपणी पहाटे उठायचो, मदतीसाठी कोण उठतं? मग सोऱ्यातून पाडायच्या आणि ऊन चढायच्या आत बाज भरायची. बिबड्यांना याहून जास्त कौशल्य लागतं. ज्वारीचं शिजवलेलं पीठ, त्यात लसूण, मिरची, तीळ. ओल्या धोतरावर पाण्याच्या हातानं थापायचं. सुकले की धोतर उलटं करून पाठीवरून पाणी मारायचं, म्हणजे बिबडा न फाटता सुटतो. गल्लीतल्या बायका एकमेकींकडे पाळीनं जातात, कारण हे एकटीच्या हातानं होणारं काम नाही. आणि हे सगळं पाहुणे, सणवार, कोणाच्या तरी लग्नाचं रुखवत, आणि आपल्याकडे इथे येणारा तो डबा, एवढ्यांना पुरवायचं असतं.

एवढं झाल्यावर कावळा येतो. तो एक कुरडई घेऊन गेला तर आजी काही म्हणायची नाही. पण तो एक नेतो आणि दहांवर नाचतो. खार तर कुरतडून सोडते. म्हणून काठी. तू आजीची काठी कुठे पडते ते नीट पाहिलंस का? ती बाजेच्या माच्यावर पडते, आवाज होतो, पाखरं उडतात. मला लहानपणी राखणीला बसवलं होतं तेव्हा मी नेम धरून खडे मारू लागलो, तर आजीनं माझ्या हातातले खडे काढून घेतले आणि म्हणाली, "काठी बाजले मार, पाखरले नको." राखण म्हणजे एवढंच. आणि संध्याकाळी बाज उचलून झाल्यावर खाली जो चुरा राहतो तो सुपात गोळा करून ती कुठे टाकते, तेही बघ. पाण्याच्या भांड्याशेजारी. सकाळी हाकललेल्या चिमण्याच तो टिपतात.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की आजी दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या धरते. पाणी तिनं केलेलं नाही, त्यामुळे ते अडवायचा हक्क तिचा नाही. कुरडई तिनं केलीय, त्यातलं कोणाला किती आणि केव्हा, हे ती ठरवते. देते, पण बाजेवरून ओरबाडू देत नाही. हेच वानरांच्या बाबतीत दिसेल. तू ज्यांना मंकी म्हणालीस ती काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं. शेवग्याचा पाला आणि पपई यांच्यासाठी ती कौलांवरून येतात. पपईला हात लागला की आजी थाळी बडवते. पण हीच टोळी दुपारी गुरांच्या हौदावर पाणी प्यायला उतरली की थाळी वाजत नाही, आणि कोणी वाजवायला गेलं तर आजी त्यालाच रागावते. मारुतीचं रूप म्हणून कोणी त्यांना मारत नाही, हे चांगलं आहे. पण त्यामुळे ती धीट झालीत, हेही खरं. तू हातात बिस्किट घेऊन अंगणात जाऊ नकोस, त्यांच्याकडे बघून दात दाखवू नकोस, आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घे.

परवा आखाजी आहे. पंचांगात अक्षय्य तृतीया लिहिलेली असेल, पण तिथे कोणी तसं म्हणणार नाही. खान्देशात दिवाळीपेक्षा हा सण मोठा. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, निंबाला झोका बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. तुझ्या आत्याही येतील आणि झोक्यावर त्या तुझा नंबर लागू देतील असं मला वाटत नाही. घरात खापरावरची पुरणपोळी, आमरस, सांजोऱ्या, तळलेल्या कुरडया. गडीमाणसं पत्ते कुटत बसतील. काका गोड बोलून तुझे खाऊचे पैसे डावावर लावायला मागतील, देऊ नकोस.

त्या दिवशी आजी नवी घागर पाण्यानं भरून ठेवेल आणि वर डांगर ठेवेल, म्हणजे इथे आपण दुकानातून खरबूज आणतो ते. पूर्वी तापीच्या वाळूत डांगरांच्या वाड्या असायच्या. ही घागर घरातल्या गेलेल्या माणसांसाठी. तुझे पणजोबा, पणजी, त्यांच्या आधीचे. भर उन्हाळ्यात त्यांची आठवण काढायची ती पाणी देऊन. निखाऱ्यावर तूप आणि घास घालतात, त्याला आगारी म्हणतात. आणि मग आजी पान घेऊन बाहेर जाईल आणि कावळ्याला हाका मारेल. होय, त्याच कावळ्याला. कालपर्यंत बाजेपाशी ज्याच्या नावानं शिव्या चालल्या होत्या, तो शिवेपर्यंत घरात कोणी जेवायला बसणार नाही. तो मात्र अशा दिवशी हमखास उशीर करतो. मला वाटतं काठी त्याच्या लक्षात राहते. हे तू आजीला विचार आणि ती काय म्हणते ते मला कळव.

आणखी दोन-तीन गोष्टी, घाईत. लाकडांच्या ढिगात मुंगूस राहतं. सकाळी दिसलं तर आजी खूश होते, शकुन मानतात. त्याच बाजूला कधी धामणही निघते. ती बिनविषारी असते, उंदीर खाते, आजी तिला जाऊ देते. पण कोणती धामण आणि कोणता नाग हे ठरवायचं काम तुझं नाही. साप दिसला की जागच्या जागी थांबायचं आणि मोठ्या माणसाला हाक मारायची. अंधार पडल्यावर चपला आणि टॉर्चशिवाय अंगणात पाय ठेवायचा नाही, यात माफी नाही. कूलरखालच्या ओलीत जो बेडूक बसलेला असतो त्याला मात्र बसू दे, तो पाऊस पडेपर्यंत हलणार नाही.

तू म्हणालीस की जुन्या भिंतीच्या भोकातून एक छोटं घुबड बघतं. तो पिंगळा. डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतील, म्हणजे साधाच पिंगळा. हे ठळक कशाला म्हणतोय, तर आपल्याकडे त्याचा एक भाऊबंद आहे, रानपिंगळा. त्याच्या डोक्यावरचे ठिपके अगदी फिके असतात आणि तो दिवसाढवळ्या शिकार करतो. १८८४ नंतर तो कोणाला खात्रीनं दिसलाच नव्हता. संपला असंच धरून चालले होते. मग नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकेतून आलेल्या पक्षी-अभ्यासकांना तो सापडला, तोही शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात. म्हणजे ११३ वर्षं जग ज्याला हरवलेला समजत होतं तो आपल्या खान्देशातच बसलेला होता. त्याला जंगल लागतं, गावातल्या भिंतीत तो यायचा नाही. तेव्हा शाळेत परत आल्यावर वर्गात सांगताना 'पिंगळा पाहिला' एवढंच सांग.

दुपारी बारा ते चार बाहेर पडू नकोस. आजी म्हणेलच, "बाहेर नको जाऊ, ऊन लागी जाई." तिनं खिशात कांदा ठेवायला दिला तर ठेव, वास आला तरी, पन्हं मात्र दोनदा मागून घे. गच्चीवर झोपायला जाल तेव्हा संध्याकाळीच पाणी शिंपडून ठेवा, नाहीतर रात्री अकरापर्यंत फरशी पाठ भाजते.

आणि निघायच्या दिवशी कुरडया कपड्यांत गुंडाळून बॅगेत कोंबू नका. चुरा होतो. आजीच्या फडताळात बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा आहे, तो माग. बिबडे त्यात वर ठेवा, कुरडया खाली.

तुझा,
पप्पा