काचेचे मणी, टॉर्च आणि बाहेर जाणारी हवा : वाचकांचे प्रश्न

टॉर्चच्या, म्हणजे तीव्र ज्योत देणाऱ्या गॅस-बर्नरच्या, ज्योतीवर काच वितळवून मणी, पेंडंट, छोट्या बाटल्या घरी करणाऱ्यांची पत्रे सतत येतात. ज्योतीतून निघणारे विषारी वायू बाहेर काढायचे असतात, आणि जवळपास प्रत्येक पत्रात तोच प्रश्न असतो : ‘कितीचा पंखा घेऊ?’ पंखा हा या कामातला शेवटचा निर्णय आहे. आधी हूड (ज्योतीचा वायू गोळा करणारा पत्र्याचा आडोसा), मग डक्ट (तो वायू बाहेर नेणारी नळी), मग खोलीत येणारी हवा आणि त्यानंतर पंखा. हा क्रम उलटा केला की पैसे दोनदा जातात.

खिडकी उघडी ठेवून छताचा पंखा लावला तर चालेल का? (नाशिक)

नाही. छताचा पंखा तोच वायू खोलीभर फिरवतो, बाहेर काढत नाही.

स्वयंपाकघराची चिमणी टेबलावर लावायची आहे. दुकानदार म्हणतो, १२०० सक्शन आहे, कार्बन फिल्टर आहे, बाहेर पाइप काढायची गरज नाही. (ठाणे)

दुकानदाराला ती चिमणी विकायची आहे. पाइप नसलेली चिमणी या कामाला पूर्ण निरुपयोगी आहे. तिचा कार्बन फिल्टर फोडणीचा वास धरतो. कार्बन मोनॉक्साइड त्यातून सरळ पार होतो आणि नायट्रोजन डायऑक्साइडसाठी तो बनवलेलाच नसतो.

‘ज्योत निळी आहे, धूर दिसत नाही, मग बाहेर काय काढायचे?’ असे बरेच जण लिहितात. ऑक्सिजन-गॅसची ज्योत इतकी तापते की तिच्या कडेच्या साध्या हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. काच स्वच्छ असो, गॅस चांगला असो, ही होणारच. ज्योतीत गॅस जास्त ठेवला की कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि त्याला रंग नाही, वासही नाही. लाल, नारिंगी, पिवळ्या काचांपैकी अनेकांत कॅडमियम असते. ती काच ज्योतीत उकळू दिली की तेही हवेत येते.

आता १२०० चा आकडा. तो ताशी घनमीटरमध्ये असतो. १.७ ने भागा, म्हणजे मिनिटाला सुमारे ७०० घनफूट (सीएफएम) येतील. तेही पाइप न लावता, समोर काही अडथळा नसताना. सहा इंची नागमोडी पाइप आणि दोन बेंड लावल्यावर किती उरते, हे खोक्यावर छापत नाहीत. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा : अर्धा इंच पाण्याच्या दाबाला, म्हणजे सुमारे १२५ पास्कलला, हा पंखा किती हवा ओढतो? कोणत्या दाबाला किती हवा, याचा कंपनीचा आलेख तो दाखवत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा, आणि पैसे देण्यापूर्वी तो आलेख व्हेंटिलेशनचे काम करणाऱ्या कंत्राटदाराला दाखवा.

मग हवा नेमकी किती लागते, आणि सगळे मिळून किती खर्च? (पुणे)

हिशेब हूडच्या तोंडाचा करायचा, खोलीचा नाही. टेबलाला मागून, वरून आणि दोन्ही बाजूंनी पत्रा लावा. समोरचे तोंड ३ फूट रुंद, २ फूट उंच ठेवले तर ६ चौरस फूट होते. त्या तोंडातून हवा मिनिटाला १०० फूट वेगाने आत जायला हवी, म्हणजे ६०० सीएफएम. टेबलापासून तीन फूट वर टांगलेले हूड स्वस्त वाटते, पण वायू तुमच्या नाकासमोरूनच वर जातो. अंतराची किंमत पाहा : एक चौरस फूट तोंडाचा उघडा डक्ट ज्योतीपासून ६ इंचांवर असेल तर ३५० सीएफएम पुरतात, १ फुटावर नेला तर ११०० लागतात. पत्रा जवळ आणायला पैसे पडत नाहीत.

डक्ट ८ इंची, सरळ पत्र्याचा घ्या. तेवढीच हवा ६ इंचीतून ओढली तर घर्षण चौपट होते. प्रत्येक काटकोनी बेंड म्हणजे आणखी काही फूट डक्टचा भार. ज्योत पोहोचेल तिथे गॅल्वनाइज्ड पत्रा नको, जस्ताचा धूर येतो. तिथे साधा लोखंडी किंवा स्टेनलेस वापरा. डक्ट छोटा ठेवण्यासाठी टेबलच बाहेरच्या भिंतीला लावा. इतका फायदा देणारी दुसरी फुकटची युक्ती मला माहीत नाही.

ढोबळ खर्च असा : दाबावर टिकणारा इनलाइन (डक्टमध्येच बसणारा) पंखा किंवा ब्लोअर १० ते १५ हजार, हूड आणि दहा-बारा फूट डक्ट ८ ते १२ हजार, भिंतीचे भोक आणि वायरिंग ३ ते ५ हजार, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म २ ते ४ हजार. गावागावात फरक पडेल, तीन कोटेशने घ्या. वीज मात्र नगण्य : १५० वॉटचा पंखा रोज चार तास, महिन्याला २५ दिवस चालवला तर १५ युनिट, १० रुपये दराने दीडशे रुपये. तेव्हा वीज वाचवायला पंखा बंद ठेवू नका. भोक पाडण्यापूर्वी सोसायटीची लेखी परवानगी घ्या, आणि ते बीम किंवा कॉलममध्ये जात नाही हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाहून घ्या.

पत्र्याऐवजी पीव्हीसी पाइप चालेल का? (सांगली)

नाही. ८० अंशांच्या आसपास तो मऊ पडतो, आणि जळला तर आम्लाचा धूर सोडतो.

पंखा मोठा घेतला, तरी दार बंद केले की अगरबत्तीचा धूर हूडमध्ये जात नाही. आणखी मोठा घेऊ? (कोल्हापूर)

अजिबात नको. अगरबत्तीने तपासलेत हे उत्तम, सगळ्यांनी ज्योतीच्या जागी धरून तसेच तपासावे. ६०० सीएफएम बाहेर जायचे तर ६०० आत यायला हवेत. तुमच्या खोलीत ते येत नाहीत, म्हणून पंखा नुसता गुरगुरतो. तुमच्या पाठीमागे किमान दोन ते तीन चौरस फूट मोकळी जागा हवी. डासांची जाळी असेल तर त्याहून जास्त, कारण जाळी बरीच जागा खाते आणि धुळीने तुंबते.

तुमच्या पत्रात सहज आलेल्या एका ओळीने मला काळजी वाटते : शेजारच्या बाथरूममध्ये गॅस गीझर आहे. मोठा पंखा घरात हवेचा दाब कमी करतो, आणि बाहेर जाणारा गीझरचा जळका वायू घरात परत ओढला जातो. टॉर्च आणि गीझर एकाच वेळी कधीही लावू नका. गीझर बाथरूमबाहेर काढण्याविषयी गॅस एजन्सीच्या तंत्रज्ञाशी या आठवड्यातच बोला, पुढच्या महिन्यावर टाकू नका.

घर समुद्राजवळ आहे. पावसात काय काळजी घ्यावी? (मडगाव)

डक्टचे तोंड पश्चिमेला नको, पावसाळी वारा हवा उलटी ढकलतो. तोंड खाली वळवा, अर्धा इंची जाळी लावा, परत येणारी हवा अडवणारी झडप बसवा. खारी हवा गॅल्वनाइज्ड पत्रा लवकर खाते, म्हणून स्टेनलेसचे कोटेशन मागवा.

बेसमेंटमध्ये स्टुडिओ करतोय. हिवाळ्यात घरातली ऊब बाहेर जाईल ना? (न्यू जर्सी)

जाईल. बाहेर २० अंश फॅरनहाइट आणि आत ७० असताना ६०० सीएफएम हवा तापवायला सुमारे साडेनऊ किलोवॉट लागतात. म्हणून हूडचे तोंड लहान ठेवा आणि बाहेरची हवा थेट टेबलाशी आणा. प्रोपेनचे सिलिंडर बेसमेंटमध्ये नेऊ नका. तो वायू हवेपेक्षा दीडपट जड आहे, जमिनीलगत साचतो. घर तापवणाऱ्या फर्नेसवर आणि वॉटर हीटरवर परिणाम होतो का, हे परवानाधारक तंत्रज्ञाकडून मोजून घ्या.

काम संपल्यावर डोके दुखते, रात्री खोकला येतो. एन-९५ मास्क लावू का? (छत्रपती संभाजीनगर)

एन-९५ धूळ अडवतो, वायू नाही. त्याची जागा एनॅमलची (काचेवर रंग चढवायची) पूड आणि मणी सुटण्यासाठी सळईला लावायची पावडर हाताळताना आहे. मण्याचे भोक साफ करताना तर पाण्याखालीच घासा.

टॉर्च आजपासून बंद. नायट्रोजन डायऑक्साइडची इजा काही तासांनी, कधी रात्री उशिरा दिसते, म्हणून ‘काम करताना तर ठीक होतो’ याला अर्थ नाही. छातीरोगतज्ज्ञांकडे जा आणि टॉर्चकाम करतो हे स्वतःहून सांगा. दम लागला तर थांबू नका, त्याच क्षणी रुग्णालय गाठा. आणि अलार्म वाजला नाही म्हणून निश्चिंत राहू नका. घरगुती कार्बन मोनॉक्साइड अलार्म ७० पीपीएमलाही तासभर किंवा जास्त गप्प राहू शकतो, आणि नायट्रोजन डायऑक्साइड त्याला कळतच नाही.

टॉर्च सवलतीत मिळतोय. तो आत्ता घेऊन हूड पुढच्या वर्षी केले तर? (डोंबिवली)

टॉर्च घ्या, पण हूड लागेपर्यंत तो खोक्यातच राहू द्या. सिलिंडर जोडू नका.